वाघिणीच्या मोहाचे लाडू

गोष्टीशिवाय खपेल अशी एकही वस्तू जगात नाही, असं मानणारी माझ्या माहितीत एकच बाई आहे आणि ती माझी आकडसासू आहे. आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. आमच्या चंद्रपूरकडे हे नातं मोठ्या मानाचं आणि बाईंनी तो मान कधी कमी पडू दिलेला नाही. त्या मोहर्लीजवळच्या एका गावात राहतात. सफारीच्या गाड्या थांबतात तिथे त्यांच्या बचत गटाची टपरी आहे. मोहाचे लाडू, जांभळाचं सरबत, जवसाची चटणी असा तिथला माल. पण गिऱ्हाईक आलं की बाई त्याला मालाकडे नीट पाहूही देत नाहीत. "बसा न बापा. आधी गोष्ट ऐका, मंग घ्यायचं का नाई थे पाहा."

चटणीची गोष्ट एका फॉरेस्टच्या साहेबाची होती. आजारपणात त्याच्या जिभेची चव गेली होती आणि ही चटणी खाल्ल्यावर तो म्हणे आईचं नाव घेऊन रडला. सरबताच्या गोष्टीत एक अस्वल होतं. ते पोटभर जांभळं खायचं, पण बाईंच्या वाट्याची सोडून जायचं. लाडवांची गोष्ट सगळ्यांत मोठी. ज्या झाडाचा हा मोह, त्या झाडाखाली एक वाघीण बसलेली असायची आणि बाई फुलं वेचायला आल्या की ती समजूतदारपणे बाजूला व्हायची. "कोणतं झाड?" मी एकदा विचारलं. बाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जवाईबापू, वाघीण का एकाच झाडाखाली बसते? तिच्या नावानं का सातबारा आहे?"

ही सवय टपरीपुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण पुतणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही बाईच पुढे झाल्या. पुतणीनं पुराच्या नाल्यातून शेळी खांद्यावर घेऊन कशी आणली, ते त्यांनी इतकं रंगवलं की मुलाच्या आईनं शेवटी घाबरत विचारलं, "पण पोरगी कुठी आहे?" पोरगी तिच्यासमोरच पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. लग्न जमलं. जावई अजून बायकोला थोडा भिऊनच असतो.

माझा चंद्रपुरात छोटा छापखाना आहे, त्यामुळे गटाची लेबलं माझ्याकडे. बाईंना बरणीवर अख्खी गोष्ट हवी असे. "एक शब्द नाई कापायचा." मी अक्षर बारीक करत गेलो. शेवटी लेबल बरणीला दीड वेढा घालू लागलं आणि शेवटच्या ओळी सुरुवातीवर चढल्या. पर्यटक बरणी गरागरा फिरवत, मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करून वाचत. बाई खूश. "पाहा, सोडून नाई राह्यले कोणी!"

मग ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बचत गटांसाठी मार्केटिंगचं प्रशिक्षण झालं. शिकवायला पुण्याचा एक तरुण आला होता. त्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "माल विकू नका, मालामागची गोष्ट विका." बाई उठून उभ्या राहिल्या आणि एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या. "मी तं कवापासून विकून राह्यली!" तरुणही खुलला. पुढे तो म्हणाला, "मात्र गोष्ट खरी हवी, तुमची स्वतःची हवी." बाई हळूच खाली बसल्या. घरी जाताना मला म्हणाल्या, "पोरगा हुशार आहे, पण अर्ध्या वाटंतच घसरला."

त्या प्रशिक्षणातूनच पुढचं निघालं. एका मोठ्या रिसॉर्टची खरेदी पाहणारी मॅडम टपरीवर येणार असं कळलं. प्रत्येक खोलीत पाहुण्यांसाठी लाडू ठेवायचे आणि सोबत गोष्टीचं कार्ड, असा तिचा बेत होता. गटातल्या बायका दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जात. लहान लेकरं तेवढे दिवस शेजाऱ्यांवर सोडावी लागत. ही ऑर्डर मिळाली असती तर जावं लागलं नसतं. त्यामुळे त्या सकाळी सगळ्या जणी नवी लुगडी नेसून उभ्या होत्या. कार्डांचे नमुने घेऊन मीही गेलो होतो.

बाईंनी वाघीण काढली. त्या दिवशी वाघिणीला दोन पिल्लंही झाली होती. मॅडम हसत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "छान. पण हा लाडू पहिल्यांदा केला कोणी?"

बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मी केला." बाईंची सासू मागे बसून मोहफुलं साफ करत होती. ही बुढी दिवसभरात चार वाक्यं बोलली तर खूप. "हे नवी नवरी होती. माहेरच्या आठवणीनं जेवत नव्हती. मले हिच्यासारखं बोलता येत नाई. मंग मी लाडू करत होती न हिच्या उशीखाली ठेवत होती."

बाई वळल्या. "तुमी ठेवत होत्या?"

"मंग कोण?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उशीखालचा लाडू नवराच लपवून आणतो, असं त्या जन्मभर धरून चालल्या होत्या. "अन् मी त्या लाडवांपायी या माणसाचं सारं खपवून घेतलं!" आमचे साडभाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, टपरीमागे लाकडं रचत होते. ते एकदम कामात बुडाले.

बायका हसू लागल्या. बाई मात्र सासूसमोर खाली बसल्या. बाईंना गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बुढी फुलं निवडत राहिली. मॅडमचे डोळे भरले. ती म्हणाली, "हीच गोष्ट छापू आपण. याहून चांगली कुठे मिळणार?"

"नाई," बाई म्हणाल्या. "थे नाई विकायची."

बायकांचं हसू थांबलं. एकीनं बाईंना कोपरानं ढोसलं. बाई हटल्या नाहीत. "वाघिणीची घ्या न मॅडम. लागली तं अजून दोन पिल्लं टाकून देतो."

 मॅडमनं लाडू उचलला, खाल्ला, आणखी एक उचलला. "बरं. कार्डावर एवढंच लिहा, की गोष्ट ऐकायची असेल तर टपरीवर या." माझ्या छापखान्यातून बाहेर पडलेला बाईंचा हा सगळ्यांत छोटा मजकूर. गाड्या खरंच टपरीवर थांबू लागल्या आणि त्या वर्षी गटातली एकही बाई मिरचीला गेली नाही.

त्यानंतर बाई दुपारी सासूजवळ बसून तिला दिवसभराच्या हकिगती सांगायच्या, थोड्या वाढवून. बुढी "हं" म्हणायची. मागच्या हिवाळ्यात बुढी गेली.

परवा नवी कार्डं द्यायला गेलो, तर टपरीवर ही गर्दी. वाघीण ऐन रंगात आली होती. गोष्ट संपल्यावर कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "आजी, लाडू तुम्हाला कोणी शिकवला?" बाई म्हणाल्या, "आमच्या बुढीनं." मुलगी मोबाइल समोर धरून पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. बाईंनी डब्याचं झाकण काढलं, एक लाडू तिच्या हातावर ठेवला आणि पदरानं उगाच डबा पुसत राहिल्या.