बनुबाईचा दम
सोनईत आमच्या आळीला सकाळी घड्याळ बघावं लागत नसे. सात वाजले की बनुबाई आणि लंकाबाई मोरीच्या पाण्यावरून भांडायला उभ्या राहायच्या. दोघींची घरं शेजारी, मधे अरुंद बोळ, आणि बनुबाईच्या मोरीचं पाणी लंकाबाईच्या दारावरून जायचं. पुढं ग्रामपंचायतीनं गटार बांधून दिलं. पाणी वळलं, पण भांडण काही वळलं नाही. तीस वर्षं झाली त्याला.

बनुबाई बासष्टची. एका दमात लंकाबाईच्या सासरच्या तीन पिढ्या काढायची. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती दुसऱ्या पिढीवरच थांबायला लागली. हात चौकटीला टेकायचा, छाती वरखाली व्हायची. नवरा रंगनाथ म्हणाला, कांद्याची धूळ गेली असंल. खोकला दोन वर्षांचा होता, पण घरात त्याची सगळ्यांना सवय झाली होती.

शेवटी लंकाबाईनंच सुनेला, सविताला, बोळात गाठलं.

“तुझ्या सासूला डाक्टरला दाखव. आज मला ‘सटवे’ म्हनायला गेली आन् ‘सट’वरच खाली बसली. तीस वर्षांत असं झालं न्हाई.”

सविता तिला नगरला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथं एका मशीनच्या नळीत फुंकायचं होतं. बनुबाईला फुंकणं नवं नव्हतं, चाळीस वर्षं फुंकणी तोंडाला होती. तिनं चुलीला मारतात तशी बारीक फुंकर मारली आणि जाळ धरला का बघावं तसं मशीनकडं बघितलं. “आजी, आतली सगळी हवा बाहेर काढा. थांबायचं नाही,” मशीनवरची पोरगी म्हणाली. चौथ्या वेळी जमलं, तोवर बनुबाई घामानं भिजली होती.

“बिडी किती वर्षं ओढता?” डॉक्टरांनी विचारलं.

बनुबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की सवितानं आपली खुर्ची जरा मागं घेतली.

“मी बिडी वढते व्हय? चांगल्या घरची बाई हाय मी.”

“मग स्वयंपाक चुलीवर करता का?”

“व्हय. गॅसवरच्या भाकरीला चव असती का?”

“फुफ्फुसाला धूर बिडीचा का चुलीचा, ते कळत नाही, आजी. इतकी वर्षं धूर आत गेला, श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या. सीओपीडी म्हणतात याला.”

“बरं कधी व्हईल?”

“पूर्ण बरं नाही होणार. पण चूल बंद केली, रोज श्वासावाटे ओढायचा पंप घेतला, तर ताब्यात राहील.”

“म्हंजे आमच्या ह्यांच्यासारखं,” बनुबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

परतताना एसटीत घोडेगावजवळ ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “समद्यांची पोटं भरावी म्हनून चुलीपुढं बसले. तीच माझ्या मुळावर आली व्हय गं?” सवितानं सासूचा हात धरला. बनुबाईनं तो थोडा वेळ धरू दिला, मग पिशवी सांभाळायची म्हणून सोडवून घेतला.

घरी आल्यावर दोन्ही पंप ज्वारीच्या डब्यात गेले. एक रोजचा, एक दम लागला की घ्यायचा. आळीत कळलं तर आपल्याला दमेकरी म्हणतील, ही तिला धास्ती. सविता रोज विचारायची, “आत्या, पंप घेतला का?” बनुबाई रोज “घेतला” म्हणायची, आणि ते खरंच होतं. फक्त ती पंप तोंडात मारून वर घोटभर पाणी प्यायची, गोळी गिळावी तशी. पंपाला जोडायला दिलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यात तिनं लवंगा ठेवल्या होत्या.

पंधरा दिवस तिनं गॅसवरची भाकरी सोसली. सोळाव्या दिवशी सविता अंगणवाडीत गेली आणि बनुबाईनं चूल पेटवली. धूर बोळात आला, त्याच्यामागं लंकाबाई आली.

“डाक्टरनं चूल बंद केली ना तुझी?”

“तुला कुनी सांगितलं? माझी चूल, माझं घर. तुझ्या सासूनं...”

पुढं शब्द निघेना. बनुबाई मटकन ओट्यावर बसली. लंकाबाईही शेजारी टेकली.

“दम घे. मला घाई न्हाई. माझ्या सासूपशी आल्तीस, ध्यानात ठेव.”

बनुबाईला हसू आलं, त्यात खोकला आला, आणि मग डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तिनं दारातून दिसणाऱ्या ज्वारीच्या डब्याकडं बोट केलं. लंकाबाईनं कोपरापर्यंत हात घालून पंप काढले. श्रीगोंद्याचा तिचा भाऊ दहा वर्षं पंपावर होता, त्यामुळं दम लागल्यावरचा कोणता ते तिला रंगावरून कळलं. तिनं शेजारच्या नळकांड्यातल्या लवंगा फेकल्या, पंप हलवून त्याला जोडला आणि बनुबाईच्या तोंडाला लावला.

“वठ मिट. हळू वढ. गिळू नको, येडे. आता कोंडून धर. एक... दोन...”

दहा म्हटल्यावर बनुबाईनं श्वास सोडला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. दहा-पंधरा मिनिटांत छाती निवली. तोवर लंकाबाईनं आत जाऊन चुलीत तांब्याभर पाणी ओतलं होतं.

“माझी चूल इझवनारी तू कोन?” बनुबाईनं विचारलं. वाक्य पुरं झालं म्हणून दोघींनाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सातला लंकाबाई दारात हजर. “काढ तो पंप.” तेव्हापासून रोजच्या पंपाचे आकडे तीच म्हणते. ती मुद्दाम सावकाश म्हणते, अशी बनुबाईची तक्रार आहे. पंपानंतरची चूळ भरून झाली की ती तक्रार सुरू होते.

दिवाळीच्या आत बनुबाईनं स्वतःच चूल खणून काढली. सहा महिन्यांनी नगरच्या डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं. “वाढलं नाही, हेच चांगलं,” ते म्हणाले आणि रोज थोडं चालायला सांगितलं.

आता ती बाजाराला पायी जाते. वाटेत तीनदा बसावं लागतं. लंकाबाई बरोबर असते आणि तीही बसते. कुणी विचारलं तर बनुबाई सांगते, “हिचे गुडघे दुखत्यात, म्हनून थांबलोय.” लंकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघत पिशवीतले शेंगदाणे काढते आणि निम्मे तिच्या हातावर ठेवते.