राहेलमावशीचा अंगठा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक होतं, आणि ती ते अर्धं घेऊनच गेली. तुम्ही माझ्या गावचे नाही, आमच्या चर्चच्या मंडळीतलेही नाही — म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतोय. आमच्यात दोषाची कबुली सगळ्यांसमोर उभं राहून द्यायची असते. तो नियम मीच कागदावर आणला होता. आणि नियम करणारा बघा — घरात बसून, दार लावून बोलतोय.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव. मी शाळेत मास्तर आणि मंडळीचा चिटणीस. वय अठ्ठावीस, अक्षर मोत्यासारखं, आणि अक्कल? — ती सगळी नियमांच्या वहीत. माणसं रविवारीही खडी फोडायला जायची, उपासनेला येईनाशी झाली होती. मला ते खुपायचं. मीच पंचांपुढे ठराव मांडला: जो कोणी उपासना सोडून कसल्याही कामाला जाईल, त्यानं मंडळीपुढे उभं राहून दोष कबूल करेपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, घ्यायचं नाही. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, जरा कडक होतंय. पण मी ऐकतोय कसला! शिस्त गेली की विश्वास गेला, असं ठणकावून म्हणालो. पोट भरायला खडी फोडणाऱ्यांचा विश्वास मोजायला मला कोणी नेमलं होतं?

टँकर आठवड्यातून एकदाच यायचा, रविवारी दुपारी. ठराव झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो सकाळीच आला. उपासनेतलं दुसरं गीत चालू होतं. हॉर्न ऐकला आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. पण उठलं कोणी नाही. नियम ताजा होता ना! उठली ती एकटी राहेलमावशी — आमच्या शेजारची विधवा बाई. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ बाहेर गेली. मी गाता गाता घड्याळात वेळ बघून ठेवली.

घरी आलो तर चुलीजवळ दोन हंडे भरलेले. माझी बायको शांता तेव्हा नऊ दिवसांची बाळंतीण होती, आणि घरातला रांजण दोन दिवस कोरडा. ती म्हणाली, "मावशीनं आणलं. मीच सांगून ठेवलं होतं त्यांना." दुसरा हंडा मावशीचा स्वतःचा होता, तोही तिनं आमच्याकडेच ठेवला होता. मी तांब्याभर पाणी प्यायलो. गार होतं. त्याची चव मला अजून आठवते.

बुधवारी पंच बसले. मावशीला बोलावलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "राहेलबाई, पाणी कोणासाठी आणलंत?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. ती थांबली — चांगलीच थांबली. मग म्हणाली, "आनलं खरं." बस्स. मला काय म्हणायचं होतं? 'माझ्या घरासाठी', एवढंच ना? मी मूग गिळून बसलो. नियम करणाऱ्याच्याच घरचं पाणी पहिल्या झटक्यात पकडलं गेलं, म्हणून लोक हसले असते. मी नरकाला भीत नव्हतो हो, हसण्याला भीत होतो.

उभं राहून कबूल करा, असं तिला सांगितलं. "पानी आनन्यात कसलं पाप?" म्हणाली, आणि निघून गेली.

आता हे ऐका. आमच्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षरस मनुकांचा. मनुका पाण्यात भिजवायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. हे काम चिटणिसाच्या घरी. त्या शनिवारी मी मनुका भिजत घातल्या, तेव्हा घरात पाणी कोणाचं होतं? आणि रविवारी तेच प्याले तबकात घेऊन मी मंडळीतून फिरलो, मावशीपाशी आलो, आणि तिला वगळून पुढच्या बाईपुढे तबक धरलं.

दोन वर्षं असंच चाललं. ती दर रविवारी यायची, दाराजवळच्या सतरंजीवर बसायची. पाणी कोणासाठी होतं ते कोणाजवळ बोलली नाही. बाहेर पडताना मला विचारायची, "मास्तर, पोरगी चालाया लागली का?" मला तिचा राग यायचा. खरं सांगतो — मी तिचा द्वेष करायला लागलो होतो.

मग ती अंथरुणाला खिळली. प्रभुभोजन हवंय, असा निरोप तिनं पाठवला. पंच म्हणाले, उभं राहता येत नसेल तर लेखी कबुली आणा, चिटणिसाला पाठवा. मी कागद आणि शाईचा पॅड घेऊन गेलो. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाली, "मला कुठं लिवता येतं? तुमीच लिवा, मास्तर. काय झालं ते तुमाला ठावं हाय." आणि डोळे मिटले.

तिनं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. ते मला तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं; कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी लिहिलं — 'मी राहेल, माझ्या घरच्या पाण्याच्या लोभानं प्रभूचा दिवस मोडला.' तिचा अंगठा मीच धरला, मीच कागदावर टेकवला. तिनं डोळे उघडले. "लिवलं का समदं?"

"हो," मी म्हणालो.

"मग लई बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी तिला भाकर आणि प्याला मिळाला. आठवड्यात ती गेली. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं, हरवलेलं मेंढरू मास्तरांनी परत आणलं. लोकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी मान खाली घातली, तर तेही त्यांना नम्रपणाचंच वाटलं.

तो कागद मंडळीच्या दप्तरात आहे. परवा काढून पाहिला. शाई जराही फिकी झालेली नाही. खाली तिचा अंगठा आहे, आणि वरचं अक्षर मोत्यासारखं आहे.