लातूरला पोचवलेले कापड

निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षे होती. मी नांदेडच्या एका शाळेत शिक्षक होतो. एका संध्याकाळी मोटारअड्ड्यावरील बाकावर मला एक बोचके सापडले. लातूरची मोटार नुकतीच सुटली होती. आत पांढऱ्या कापडाचे पाच न शिवलेले तुकडे होते. त्यांना कापराचा वास होता आणि जागोजागी पिवळट डाग पडले होते. सोबतच्या उर्दू चिठ्ठीत लातूरच्या एका जिल्दसाजाचा, म्हणजे पुस्तके बांधणाऱ्याचा, पत्ता होता. कापडाविषयी एक अक्षर नव्हते.

बाहेरचे कापड धुतल्यावाचून आमच्या घरात येत नसे. आईने ते अंगणातच सोडा घालून उकळले. "परक्याची वस्तू परत करायची, तर स्वच्छ करून करावी," ती म्हणाली. मला ते पटले. निखारे घातलेला तांब्या फिरवून मी स्वतः त्याला इस्त्री केली आणि घड्या घातल्या.

शुक्रवारी शाळेला सुटी असे. मी लातूरला गेलो. वाटेत त्या माणसाचे आभार मी मनात ऐकत होतो, हे कबूल केले पाहिजे.

जिल्दसाज साठीचा होता. मी नांदेडचा शिक्षक असल्याचे सांगून बोचके पुढे केले, तेव्हा त्याने माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, माझ्याच हातनं बाकावर राहिलं. चार दिवस झोप न्हाई. बायको अंथरुणाला खिळलीय. रोज विचारून राहिली, आणलं का म्हणून." मग आतल्या पडद्याकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "आलं बघ तुझं सामान. आता तरी माझ्या नावानं बोटं मोडू नको."

पडद्यामागे कोणी हसले. मग खोकल्याची उबळ आली.

त्याने गाठ सोडली. एक घडी नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"धुतलं?" त्याने पडद्याकडे बघत हळूच विचारले.

"हो. डाग होते," मीही तसाच हळू बोललो.

"कशानं?"

"सोड्यानं. उकळून."

तो खाली बसला. आवाज आणखी खाली आणून त्याने सांगितले. ते त्याच्या बायकोचे कफन होते. नांदेडच्या मेहुण्याने हजहून येताना ते मक्केच्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून, वाळवून आणले होते. लग्नानंतर तिने मागितलेली ही एकच वस्तू.

"दुसरे मागवता येईल," मी म्हणालो.

"कोण जातंय आता, मास्तर? आणि गेलं तरी हिच्याकडं तेवढे दिवस न्हाईत."

पडद्यामागून एक हात पुढे आला. त्याने कापड त्या हातात दिले. आत घड्या उलगडल्याचा आवाज झाला.

"अजी, इसकी बास किधर गई?"

"मोटारीच्या धुरात उडाली असंल," तो म्हणाला. "तू काय अत्तरवाली हायस, नाकानं पारख करायला?"

ती हसली नाही. "मास्तर," तिने मलाच विचारले, "वाटेत दुसरं पाणी न्हाई ना लागलं याला?"

तो माझ्याकडे पाहत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मास्तरांना काही दिलं का?" तिने नवऱ्याला विचारले. त्याने फळीवरून कातडी पुठ्ठ्याची एक कोरी वही काढून माझ्यापुढे धरली. नाकारली असती, तर तिला संशय आला असता. मी घेतली, आणि तिला ऐकू जावे इतक्या मोठ्याने आभार मानले.

मग तिने माझ्यासाठी दुआ मागितली. माझ्या आईसाठीही मागितली. मधे मधे तिला धाप लागत होती, पण ती थांबली नाही. ते संपेपर्यंत मी उंबऱ्याशी उभा राहिलो. जिल्दसाजाने मान वर केली नाही.