दोन बोटं माया

मास्तर कुठल्या शाळेचे नव्हते. ते कापड कापायचे, म्हणून मास्तर. एवढं एकच पद त्यांना आयुष्यात मिळालं होतं आणि तेही कुणी लेखी दिलेलं नव्हतं. सध्या ते कपड्यांच्या एका भल्या थोरल्या दुकानाच्या दारात निळा कोट घालून उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्यांच्या बिलांवर शिक्का मारत. तिथे त्यांना सगळे ‘सिक्युरिटी’ म्हणत. “ओ सिक्युरिटी, गाडी कुठे लावायची?” मास्तर हात दाखवत, पण नजर मात्र विचारणाऱ्याच्या अंगावरच्या सदऱ्यावर. खांदा उतरलाय, बाही आखूड झालीय, आणि आत माया म्हणाल तर नावाला नाही.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पुढेमागे माणूस अंगानं सुटलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून ठेवायचं. बाकीचे शिंपी बोटभर ठेवत, मास्तर दोन बोटं. “माणूस काय आज आहे तसा उद्या राहतो का?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धंदा म्हणून पाहिलं तर हा शुद्ध वेडेपणा. गिऱ्हाईक नवं शिवायच्या ऐवजी जुनंच सैल करून नेई आणि वर मास्तरांचाच चहा पिऊन जाई. पुढे तयार कपडे आले, तेव्हा हे चहा प्यायला येणारेही आटले. दुकान बंद झालं. शिवणयंत्र घरी आलं आणि खिडकीखाली जुनी चादर पांघरून बसलं.

मग मास्तर एका कारखान्यात कापणीला लागले. कापडाचे थरावर थर रचलेले, वर कागदी नमुना ठेवलेला, त्याच्या रेघेवरून यंत्र फिरवायचं. डोळे मिटून करावं असं काम. पण मास्तरांचा हात रेघेवर राहीना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अख्खा ढीग रेघेबाहेरून कापला, चहूबाजूंनी दोन बोटं जास्त. साहेब धावत आला.

“अहो, हे काय केलंत?”

“माया ठेवली,” मास्तर म्हणाले.

“कुणासाठी?”

हे कपडे कुठल्या गावाला जाणार, कोण घालणार, ते त्या साहेबालाही ठाऊक नव्हतं.

“जो कुणी घालेल त्याच्यासाठी,” मास्तर म्हणाले.

साहेब माणूस बरा होता. हसला आणि सोडून दिलं. पण महिन्याभरात पुन्हा तोच प्रकार झाला, तेव्हा त्यानं हात जोडले आणि मास्तरांना घरी पाठवलं. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो हा असा. मास्तरीणबाई म्हणाल्या, “जगाला माया लावून आलात. आता घरच्या डब्यात काय घालू?”

असे ते दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे मिळालेला कोट त्यांच्या मापाहून चांगला ढगळ होता. मास्तरांनी यंत्रावरची चादर काढली, कोट अंगाबरोबर केला आणि जास्तीचं कापड आतल्या आत दुमडून टाकलं. कापलं मात्र नाही.

त्यांना एकच मुलगी. शिकली आणि लांबच्या शहरात नोकरीला लागली. पहिल्या मुलाखतीसाठी मास्तरांनी तिला गडद निळा कोट शिवून दिला होता. तिनं तो उलटा करून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. “बाबा, एवढी माया? शिवण किती जाड लागतेय.” “असू दे गं,” मास्तर म्हणाले. तोच कोट घालून तिला नोकरी मिळाली आणि ती गेली. सणासमारंभाला यायची, पण पिशवी सोडेपर्यंत निघायची वेळ व्हायची. मास्तरांना तिची फार आठवण येई. दुकानात तिच्या वयाची मुलगी बिल पुढे करी, तेव्हा शिक्का जरा हळूच मारत.

आणि एक दिवस ती खरोखरीची घरी आली. कंपनीनं तिचा अख्खा विभागच बंद केला होता. लेकीची नोकरी गेली याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण संध्याकाळी दाराशी तिच्या चपला दिसल्या की मास्तरांचं पाऊल हलकं पडे. ती आतूनच ओरडे, “बाबा, आज चोर सापडला का?” “एकही नाही,” मास्तर म्हणत. “नोकरी कशी टिकायची तुमची!” ती म्हणे. एवढंच बोलणं, पण मास्तर दिवसभर त्याचीच वाट बघत. मास्तरीणबाईंनी तर चंगच बांधला होता. लेकीला रोज आवडीचं करून घालत होत्या आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कामाला बाई हवी आहे, हे तिच्या कानांवर येताजाता घालत होत्या.

तशात लांबच्या त्या शहरातून मुलाखतीचं बोलावणं आलं. परवाच निघायचं होतं. बोलावणं आलं त्या दिवशी मास्तरांची सुट्टी होती. लेकीनं पेटीतून निळा कोट काढला, अंगात घातला, आणि बटण काही लागेना. आईच्या हातचं जेवण कोटाला मानवलं नव्हतं.

“नवा घे,” मास्तर म्हणाले.

“नको. याच कोटात पहिली नोकरी मिळाली होती. हा होत नसेल तर राहू दे. मी जातच नाही.” तिनं तो खुर्चीवर टाकला आणि केस धुवायला निघून गेली. थकली होती पोरगी. कुणी जरा थांबवलं असतं, तर थांबली असती.

मास्तरांनी कोट मांडीवर घेतला. अस्तर सोडवलं, आत बोट घातलं आणि थबकले. माया नव्हती. तिकडच्या कुणा शिंप्याकडून तिनं ती शिवणीलगत साफ कापून घेतली होती.

मास्तरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्याच होत्या. त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, “अहो, सांगा तिला, कापडच नाही म्हणून. यात खोटं थोडंच आहे?”

लेक घरात हवी, हे त्यांना मास्तरीणबाईंपेक्षा कांकणभर जास्तच वाटत होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि तेही खरं. पण कोट होत नाही म्हणून माणूस घरी राहिलं, ही गोष्ट शिंप्याच्या गळी उतरेना. न्हाणीघरात पाणी वाजत होतं, तेवढ्यात ते उठले. खुंटीवरचा आपला चौकीदारीचा कोट काढला आणि त्याची बाजूची शिवण उसवली. आत चांगली तीन-तीन बोटं माया होती. रंगात एकोणीस-वीसचा फरक, पण काखेखालच्या पट्टीत हात खाली असला की दिसणार कुणाला? मास्तरांनी कात्री घेतली. चादर निघाली, पाय चालू लागले, आणि ते यंत्र घरात पुन्हा एकदा बोलू लागलं. मास्तरीणबाईंनी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरानंच आपटली.

लेकीनं कोट घातला. बटण लागलं. ती आरशात बराच वेळ बघत राहिली.

“आत माया होती?” तिनं विचारलं.

“पुष्कळ होती,” मास्तर म्हणाले.

ती गेली. नोकरी मिळाली. महिना झाला आणि दुपारी मास्तर दारात उभे असताना तिचा फोन आला.

“बाबा, आज चोर सापडला का?”

“एकही नाही.”

“मला सापडला.” ती म्हणाली. “आज बटण तुटलं म्हणून कोट हातात घेतला, तर काखेखाली पट्टी दिसली. बाबा, माया तर मी कधीच कापून टाकली होती. ही पट्टी कुठून आणलीत?”

मास्तरांनी आपल्या अंगातल्या कोटाच्या शिवणीवरून हात फिरवला. आता तिथे बोट घालायला जागा नव्हती. समोर एक बाई बिल धरून उभ्या होत्या. मास्तरांनी शिक्का मारला.

“थोडी राहिली होती,” ते म्हणाले.

मग ती म्हणाली, “परत घट्ट झाला तर?”

“तर घेऊन ये.”

“आणि नाही झाला तर?”

“नाही झाला,” मास्तर म्हणाले, “तरी ये.”