बाटली कुणी भरली?

चहाचा कप हातात आला की आबा तो आधी हुंगायचे. चहा त्यांच्याच घरातला असला तरीही. तीस वर्षं त्यांनी डेअरीवर लोकांचं दूध तपासलं होतं, आणि तेवढ्यानं माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. असा एखादा शेजारी तुम्हालाही भेटला असेल. आमचे आबा समोरच्याच घरात राहायचे, मार्गासनीच्या पुढच्या आमच्या वाडीत.

मी पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला निघाले, तेव्हा त्यांनी अंगणातच अडवलं.

"डोळ्याला न दिसणारं शिकून काम कोन देनार?"

"औषध कंपन्या, डेअऱ्या, दवाखान्यातल्या लॅब. लई जागा हायेत, आबा."

"कागदावर समदंच असतंय."

एमएस्सी झाली आणि वर्षभर घरीच बसले. आबा रोज विचारायचे, "गावला का जंतू?" मला रडू यायचं. शेवटी भोरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले.

त्याच पावसाळ्यात वाडीतल्या पोरांना जुलाब सुरू झाले. एक तर सलाईनवर होतं. वाडीच्या टाकीचं पाणी माझ्याकडेच तपासायला आलं. स्वच्छ निघालं. मी ऐटीत आबांना सांगितलं.

"बाटली कुनी भरली?"

"पाणी सोडणाऱ्यानं."

"तू व्हतीस तितं?"

मी लॅबमधली नवी बाटली पिशवीत टाकली.

सकाळी आबा काठी टेकत माझ्याबरोबर टाकीचा चढ चढले. बाटली मी भरली, ते शेजारी उभे राहून बघत होते. दोन दिवसांनी निकाल आला. पाण्यात विष्ठेतले जंतू होते. चढ नको म्हणून पाणी सोडणाऱ्या गड्यानं पहिली बाटली स्वतःच्या बोअरवर भरली होती. टाकी धुतली, फुटकी लाईन बदलली, पोरं बरी झाली.

"शिकलीस," आबा म्हणाले, "पन वास घ्यायला न्हाई शिकवलं तुला."

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखू लागलं. पुण्याहून रिपोर्ट आला, तो त्यांनी मुलाला न दाखवता मला दिला. मी वाचला. मी खाली बघूनच म्हणाले, "साधी सूज हाय, आबा. गोळ्यांनी उतरंल."

त्यांच्या पुढच्या प्रश्नाची मी वाट बघत राहिले. आबांनी कागदाची घडी घातली.

"तू म्हनतीस म्हंजी आसंल."

दिवाळीआधी ते गेले. त्यांना माझं खरं वाटलं होतं, की माझा चेहरा बघून त्यांनी विचारणं सोडून दिलं, हे मला अजून कळलेलं नाही.