वाडगा रिकामा द्यायचा नाही

आमच्या फ्रीजमध्ये मध्यंतरी दुधाची पिशवी ठेवायलाही जागा नव्हती, आणि त्याला जबाबदार मी.

आई सांगलीहून पहिल्यांदाच शारजाला आली आणि आल्या आल्या मी तिचा क्लास घेतला. (इतकी वर्षं इथे काढल्यावर अरबी रीतिरिवाजांत आपण पंडित, नाही का?) सांगितलं, इथे कुणी खायला दिलं तर नको म्हणायचं नाही, अपमान होतो.

रमजान सुरू झाला आणि संध्याकाळी समोरच्या उम्म खालिद, म्हणजे खालिदच्या आई, वाडगाभर लुगैमात घेऊन दारात हजर. खजुराच्या पाकातली गोल गोड भजी! आम्ही फस्त केली. वाडगा विसळून मी परत द्यायला निघालो, तर आईने मनगटच धरलं.

"रिकामा? सांगलीची अब्रू घालवतोस काय?"

वाडग्यातून शिरा गेला.

मला काय ठाऊक, त्यांच्याकडेही हाच नियम! दुसऱ्या दिवशी वाडगा खजुरांनी भरून आला. आईने थालीपीठं पाठवली. मग त्यांनी पातेलं काढलं. आईने पुरणपोळ्या लाटल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, "यल्ला" आणि "घ्या हो" एवढ्यावर सगळं चालायचं. लेक सोफ्यावरून स्कोअर सांगायची, "बाबा, आजी इज लीडिंग!" मी मात्र काळा चहा पीत होतो.

आई परत जायच्या दिवशी मी हळूच समोर गेलो आणि हिंदीत सांगितलं, माँजी आज जाणार, आता तसदी नको, खलास. त्यांचे डोळे भरून आले. अर्ध्या तासात 'प्रवासासाठी' म्हणून खजुराच्या बिस्किटांची शिगोशीग परात आली! खाली टॅक्सी उभी आणि आईने कढई चढवली. मी गॅस बंद करून तिला अक्षरशः ओढत खाली नेलं. टॅक्सीत बसताना ती म्हणाली, "परात रिकामी गेली तर माझ्याशी बोलू नकोस."

बायको दूर रुवैसला नोकरीला, सुट्टीलाच घरी येते. मला येतो फक्त उपमा. तोच जीव ओतून केला आणि परात भरून दिली.

त्यानंतर समोरून काहीही आलं नाही. रमजान चालूच होता. फ्रीज मोकळा, दुधाला ऐसपैस जागा, पण घर कसं सुनं सुनं वाटायचं. संध्याकाळी मी उगाच दार उघडून बघायचो.

एकदा लिफ्टमध्ये उम्म खालिद भेटल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी आईबद्दल अदबीने विचारलं, "मामा वापस कब आएगा?"

लवकरच, इन्शाल्ला, असं मी म्हटलं. उपम्याचा विषय दोघांनीही काढला नाही.