मॉरीनची आवडती बाग

इंग्लंडातल्या आमच्या लडलो गावातलं ते जॉर्ज राजांच्या काळचं लाल विटांचं घर क्लाइव्हला आत्याकडून मिळालं, तेव्हा मॉरीन नवी नवरी होती. क्लाइव्हने बागेचा आराखडा काढून तिच्यापुढे ठेवला. घराला मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. म्हणून बागेलाही मधोमध वाट आणि दोन्हीकडे बॉक्स नावाच्या सदाहरित, कातरलेल्या झुडपांचे सारखे चौकोन. मॉरीनला ते कबरस्तान वाटलं. पण आमची माणसं कुणाच्या तोंडावर "नको" म्हणतील तर शपथ! "सुंदरच," ती तोंडदेखलं म्हणाली.

झालं, एवढ्यानं अडकली बिचारी. चाळीस वर्षं! बॉक्स कातरा, ओळंबा धरा, एक फांदी वर आली की खिडकीची रेघ बिघडली. वाटाण्याचा एक वेल लावावा म्हटलं तर पलीकडे त्याचा जोडीदार हवा. धाकटी बहीण समुद्रकाठी बोलावून बोलावून थकली, पण कातरणी टाकून जाणार कोण? त्या चौकोनांत तिचा जीव नुसता गुदमरायचा.

या वसंतात अळी पडली आणि सगळ्या बॉक्सच्या काड्या झाल्या. सुंठीवाचून खोकला गेला! मॉरीनला स्वतःचीच लाज वाटावी इतका आनंद झाला. आता बोलायचंच, तिने ठरवलं. साधं गवत लावू, दोन खुर्च्या टाकू आणि उन्हाळाभर बहिणीकडे राहू.

दुपारी शेजारीण ब्रिजेट चहाला आली. मॉरीन किटली घेऊन बाहेर येत होती, तर क्लाइव्ह ब्रिजेटला सांगत होता.

"माझं काय गं, मला एक झाड आणि त्याखाली डुलकी काढायला जागा पुरे होती. पण आराखडा मॉरीनला इतका आवडला, की मोडवेना. गुडघे गेले तरी तिच्यासाठी कातरत राहिलो. आता त्याच चौकोनांत कातरायला यू झाडाची रोपं मागवलीत. ती शेकडो वर्षं जगतात."

मॉरीन दारातच थबकली. एका वाक्यात दोघं सुटली असती. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे या माणसाची सगळी मेहनत मातीत गेली, हे त्यालाच सांगायचं. ती किटली घेऊन पुढे आली.

क्लाइव्ह वळला. "यू चालेल ना गं तुला?"

तिने त्याचा कप भरला.

"चालेल की. पण दोन्हीकडे सारखी मागवलीस ना?"